मीटरची ओळख: बारकोड की आरएफआयडी?

विदर्भातील खेड्यांत वीजमीटर बहुधा ओसरीच्या भिंतीवर असतो, आणि 45 अंशांच्या उन्हात, धुळीत त्यावरील बारकोड इतका फिकट होतो की वाचणाऱ्याला आधी फडक्याने पुसून पाहावे लागते. बारकोड स्वस्त आहे, साध्या मोबाईलवरही चालतो. पण तो नजरेसमोर असावाच लागतो. उलट आरएफआयडी म्हणजे रेडिओ लहरींनी ओळख पटवण्याची पद्धत; तिच्या साध्या टॅगला, म्हणजे चिप असलेल्या चिकटपट्टीला, बॅटरी लागत नाही, आणि 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या लहरींवर तो काही पावलांवरून, धुळीआडूनही वाचता येत असल्याने गोदामातील पुठ्ठ्याची खोकी न उघडता मीटर मोजून होतात. मात्र लोखंडी पेटीत हाच टॅग मुका होतो. शिवाय तो मीटरची ओळख सांगतो, वापरलेले युनिट नव्हे. म्हणून गोदामासाठी मी टॅगच निवडेन. घरोघरी मात्र, टॅग वाचणाऱ्या यंत्राचा खर्च पाहता, तूर्त टिकाऊ छपाईचा बारकोड पुरेल.