कार्ट रेसिंग प्रो, कार्टक्राफ्ट की ऑटोमोबिलिस्टा २? घेण्याआधी वाचा

घरच्या संगणकावर खऱ्याखुऱ्या धाटणीचं कार्टिंग, म्हणजे छोट्या, उघड्या रेसिंग गाड्यांची शर्यत करायची म्हटलं की तीन नावं हमखास पुढे येतात: ‘कार्ट रेसिंग प्रो’, ‘कार्टक्राफ्ट’ आणि ‘ऑटोमोबिलिस्टा २’. तिन्ही चांगले आहेत, पण एकाच माणसासाठी नाहीत.

माझी कसोटी आधी सांगतो. कार्टला सस्पेन्शन नसतं आणि वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियलही नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलवर बसवलेली असतात, त्यामुळे वळणातही ती सारख्याच वेगाने फिरतात. तरीही कार्ट वळते, कारण स्टीअरिंग फिरवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, चॅसी (गाडीचा सांगाडा) पिळवटते आणि आतलं मागचं चाक किंचित उचललं जातं. ते उचललं गेलं नाही तर कार्ट नाक बाहेर काढून सरळ घसरत जाते. गरजेपेक्षा जास्त वेळ वर राहिलं तर वळणातून बाहेर पडताना वेग मरतो. हे एक चाक ज्या गेममध्ये हाताला कळतं, तो गेम कार्टचा. बाकी सगळं नंतर.

या कसोटीवर ‘कार्ट रेसिंग प्रो’ माझ्या मते सरळ पुढे आहे. पिबोसो या छोट्या इटालियन स्टुडिओचा हा गेम. ‘जीपी बाइक्स’ आणि ‘एमएक्स बाइक्स’ बनवणारे हेच. यात चॅसीचं लवचिक असणं प्रत्यक्ष गणितात धरलेलं आहे, त्यामुळे सेटअपमधला लहानसा बदलही जाणवतो. मागचं स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) एका दाताने मोठं करून बघा: हेअरपिनमधून, म्हणजे उलट फिरवणाऱ्या तीव्र वळणातून, बाहेर पडताना कार्ट लवकर उचल घेते, पण लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी इंजिन फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला आधीच टेकतं. मग टायरचा दाब, मग पुन्हा स्प्रॉकेट, अशी संध्याकाळ निघून जाते. ज्याला यात गोडी आहे त्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल. मात्र ग्राफिक्स जुनाट आहेत, मेनू रुक्ष आहेत आणि हात धरून शिकवणारं कुणी नाही. मोफत डेमो आहे, ही मोठी सोय.

‘कार्टक्राफ्ट’ सुरू केल्याबरोबर आवडतो. अनरियल इंजिन ४ या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर बनलेला, खऱ्या ट्रॅकची लेझरने मोजणी करून उभे केलेले ट्रॅक, जमिनीला टेकून बसल्याचा भास आणि कर्ब (ट्रॅकच्या कडेची उंच पट्टी) चढताना हातात येणारे धक्के. व्हीआर (आभासी वास्तवाचा) हेडसेट असेल तर आणखीच मजा. २०१८ मध्ये तो अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आला आणि २०२१ मध्ये मोटरस्पोर्ट गेम्स कंपनीने विकत घेतला. त्यानंतर ज्या वेगाने भर पडायला हवी होती तशी पडली नाही, याचं वाईट वाटतं. ऑनलाइन गर्दीवर भिस्त ठेवून तो घेऊ नये. एकट्याने वेळ कमी करत बसायला मात्र उत्तम.

ब्राझीलच्या रेझा स्टुडिओजचा ‘ऑटोमोबिलिस्टा २’ २०२० मध्ये आला. यात कार्ट हा मोठ्या संसाराचा एक कोपरा आहे, पण तो नीट सजवलेला आहे: भाड्याने मिळणाऱ्या प्रकारची जीएक्स३९०, १२५ सीसीची बिनगिअरची, गिअरवाली शिफ्टर आणि सर्वांत वेगवान सुपरकार्ट. ग्रांजा व्हियाना, ऑर्टोना असे खास कार्टिंगचे ट्रॅकही आहेत. नवशिक्याने जीएक्स३९० पासूनच सुरुवात करावी. ताकद इतकी बेताची की स्टीअरिंग जरा जास्त वळवलं तरी वेग गळतो आणि तो परत मिळवायला अर्धा ट्रॅक जातो. मागच्या चाकाची ती जाणीव इथे थोडी गुळगुळीत होते. पण संगणकाचे प्रतिस्पर्धी चुरस देतात, पाऊस पडतो आणि कंटाळा आला तर इतर गाड्या आहेतच.

गेमपॅडवर तिन्ही चालतील, पण कार्टची खरी गंमत संगणकाला जोडायच्या स्टीअरिंग व्हीलशिवाय नाही. व्हील महागडं नसलं तरी चालतं, मात्र त्याचं फिरणं ९०० अंशांवर (अडीच फेऱ्या) ठेवू नका. कार्टचं स्टीअरिंग फार थोडं फिरतं. ब्रेक डाव्या पायाने. बिनगिअरच्या कार्टला ब्रेक सहसा मागेच असतो, त्यामुळे वळणात शिरल्यावर जोरात दाबला की ती गर्रकन फिरते. गिअरवाल्या कार्टच्या केझेड या वर्गात पुढेही ब्रेक असतात. पुढे फॉर्म्युला वनचा विजेता झालेल्या मॅक्स व्हर्स्टॅपनने २०१३ मध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं ते याच वर्गात.

तुम्ही प्रत्यक्ष ट्रॅकवर कार्ट चालवत असाल तर ‘कार्ट रेसिंग प्रो’ घ्या, दुसरा विचार नको. रात्री तासभर मोकळा मिळतो आणि सोबत खेळणारं कुणी नाही, अशांना ‘ऑटोमोबिलिस्टा २’. ‘कार्टक्राफ्ट’ मी दुसरा गेम म्हणून सुचवेन, पहिला म्हणून नाही.

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घेणार असाल तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. व्हीलची सेटिंग्ज आधी शोधून, लिहून ठेवा. नाहीतर ते दोन तास मेनूमध्येच जातात.