‘भावना-गरजा’ पत्त्यांचा कॅट: घ्याच, पण शब्द मराठी करून घ्या

समुपदेशनाच्या गटांत, कंपन्यांच्या प्रशिक्षणांत वापरला जाणारा हा कॅट. एका रंगाच्या पत्त्यांवर भावना, दुसऱ्या रंगाच्या पत्त्यांवर गरजा. मुळाशी मार्शल रोझेनबर्ग (१९३४–२०१५) या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची संवादाची चार पायऱ्यांची पद्धत आहे: निरीक्षण, भावना, गरज, विनंती.

खेळायला तिघं पुरतात. एकाने सलणारा प्रसंग तीन मिनिटांत सांगायचा. इतरांनी ‘अगं, पण’ म्हणायचं नाही. मग ऐकणारे भावनांचे चार-पाच पत्ते विचारत-विचारत पुढे सरकवतात: ‘धास्ती वाटली का?’ सांगणाऱ्याने लागू पडेल तो ठेवायचा, नाही तो परत द्यायचा. गरजांचंही तसंच. शेवटी एक-दोन पत्ते उरले की मिनिटभर सगळे गप्प.

सगळी जादू त्या मिनिटात आहे, आणि बहुतेक गट नेमकं तेच गाळून ‘मग आता काय करायचं?’ वर उडी मारतात. ‘सासूबाई मला किंमत देत नाहीत’ हे वाक्य डोक्यात दहा वर्षं फिरू शकतं, कारण त्याची किल्ली सासूबाईंच्या हातात आहे. ‘मला दखल हवी होती’ म्हटलं की दुखणं आपल्याकडे येतं. गरज लगेच भागत नाही, पण रागाची धार जाऊन साधं वाईट वाटणं उरतं, आणि ते सोसवतं. भावनेला नाव दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डालाची (भीती-धोका टिपणाऱ्या भागाची) खळबळ कमी होते, असं मानसशास्त्रज्ञ लीबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या प्रयोगात दिसलं होतं. तो प्रयोग चेहऱ्यांच्या चित्रांवरचा होता, घरच्या भांडणावरचा नाही, एवढं लक्षात असू द्या.

खरी अडचण भाषेची. इंग्रजी संच जसाच्या तसा कोथरूडच्या दिवाणखान्यात चालत नाही. ‘स्वायत्तता’ हा पत्ता कोणी उचलत नाही. ‘माझं मला ठरवू दे’ लिहिलं की दोघं-तिघं एकदम हात घालतात. शिवाय आपलं ‘वाटणं’ फसवं. ‘मला वाटतं तू मुद्दाम केलंस’ हा आरोप, ‘मला एकटं वाटतं’ ही भावना, क्रियापद एकच. ओळखायची युक्ती: ‘वाटतं’च्या पुढे ‘तू’ आला की तो पत्ता बाजूला ठेवा. ‘दुर्लक्षित’, ‘फसवलेली’ हे शब्दही भावनांच्या गठ्ठ्यातून काढाच. त्यांच्यात गुन्हेगार लपलेला असतो.

दुसरी चूक: मार्गालाच गरज समजणं. दुपारचा विसावा ही गरज. एक ते चार दुकानाचं शटर ओढणं हा ती भागवायचा एक मार्ग. भांडण कायम शटरवरून होतं, विसाव्यावरून कोणी भांडत नाही. त्यामुळे गरजांच्या पत्त्यावर माणसाचं नाव, वेळ किंवा वस्तू येता कामा नये. ‘त्याने रोज फोन करावा’ ही विनंती झाली. खाली ‘भरवसा’ आहे की ‘सोबत’, ते आधी शोधा. आणि विनंतीला समोरचा ‘नाही’ म्हणाला की तोंड फुगत असेल, तर तो हुकूम होता.

मारहाण असलेल्या घरात दोघांना समोरासमोर बसवून हा खेळ अजिबात नको. आत्महत्येचे विचार येत असतील तर पत्ते बाजूला ठेवून १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. सेवा मोफत आणि चोवीस तास आहे.

तयार इंग्रजी संच मागवण्यापेक्षा पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास छापून घ्या. ४० भावना, ५० गरजा; एका ए-फोरवर नऊ, म्हणजे दहा कागद. ३०० जीएसएमचा जाड कागद, मॅट लॅमिनेशन. चकचकीत घेतलंत तर ट्यूबलाइटखाली अक्षरं दिसत नाहीत आणि पत्ते टेबलावरून घसरतात. चार-पाच पत्ते कोरे सोडा. ‘हुरहूर’, ‘रुखरुख’, ‘घालमेल’ यांतला फरक इंग्रजी यादीत सापडत नाही. तो पेनानेच लिहावा लागतो.