आठ स्टॉपचा पाइप ऑर्गन की साठ स्टॉपचा डिजिटल?

चर्चसाठी किंवा संगीतशाळेसाठी ऑर्गन घ्यायचा ठरला की समितीपुढे बहुधा दोन कोटेशनं येतात. एक पिढीजात ऑर्गन बांधणाऱ्या कुटुंबाच्या कार्यशाळेचं: आठ स्टॉप, दोन-तीन वर्षांची वाट. दुसरं डिजिटल ऑर्गनचं: साठ स्टॉप, लगेच मिळणार आणि पहिल्याच्या मानाने फारच स्वस्त. कागदावर निकाल लागल्यातच जमा आहे. मला मात्र तो इतका सरळ वाटत नाही.

आधी ‘स्टॉप’चा हिशेब. पाइप ऑर्गनमध्ये स्टॉप म्हणजे एका जातीच्या पाइपांची अख्खी रांग. ५६ पट्ट्यांचा कीबोर्ड धरला, तर आठ स्टॉपचे साधारण साडेचारशे पाइप होतात आणि प्रत्येक जण आपापल्या जागी उभा राहून वाजतो. डिजिटलचे साठही स्टॉप मोजक्या स्पीकरमधून बाहेर पडतात. एकेक सूर सुटा ऐकलात तर फसाल, कारण चांगल्या डिजिटलमधले आवाजाचे नमुने खऱ्या ऑर्गनवरच ध्वनिमुद्रित केलेले असतात. फरक कळतो तो सगळे स्टॉप ओढून म्हणजे एकदम चालू करून, भरल्या सभागृहात, लोक गात असताना.

दुसरा फरक बोटाला कळतो. यांत्रिक जोडणीच्या ऑर्गनमध्ये पट्टीपासून हवापेटीच्या झडपेपर्यंत पातळ लाकडी काड्या गेलेल्या असतात. पट्टी दाबताना किंचित अडते आणि मग सुटते. हवेच्या दाबाविरुद्ध झडप उघडते ती हीच जागा. डिजिटलवाले हा अडसर कीबोर्डमध्ये वेगळा बसवतात. तो वाईट नसतो, पण त्याच्या पलीकडे झडप नसते. विद्यार्थी शिकणार असतील तर मी या मुद्द्याला बरंच वजन देईन.

पैसे कुठे जातात ते कार्यशाळेत दिसतं. कथील आणि शिसं वितळवून लांब टेबलावर चौकटीतून ओतत नेतात. मागे आरशासारखा थर उरतो, थोड्याच वेळात त्याची चकाकी विझते, म्हणजे पत्रा गोठला. तो तासायचा, साच्यावर वळवायचा, डाग द्यायचा. सगळ्यात वेळखाऊ काम ऑर्गन जागेवर उभा केल्यावरचं: एक जण पट्टी धरून बसतो, दुसरा आत उभा राहून पाइपचं तोंड केसाकेसाने कापतो. जास्त कापलं गेलं तर पंचाईत, म्हणून हे काम बऱ्याचदा रस्ता शांत झाल्यावर, रात्री चालतं. त्या खोलीला साजेसा आवाज इथे घडतो.

आता टिकण्याचं. ऑर्गन बांधणाऱ्या गॉटफ्रीड झिल्बरमानने जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या कॅथेड्रलमध्ये १७१४ साली पुरा केलेला ऑर्गन आजही वाजतो. फिलिपिन्समधल्या लास पिन्यासचा, १८२४ साली पूर्ण झालेला ऑर्गन तर बांबूचा, १,०३१ पैकी ९०२ पाइप बांबूचे. तो १९७३ साली दुरुस्तीसाठी जर्मनीत बॉनला, क्लाइस कुटुंबाच्या कार्यशाळेत गेला आणि १९७५ साली परत येऊन वाजू लागला. ही कार्यशाळा सुरू झाली १८८२ साली, म्हणजे ऑर्गन दुरुस्त करणाऱ्यांपेक्षा वयाने मोठा! लाकूड, चामडं, धातू हाताळणारा जाणकार असला की काम निभतं. डिजिटलमध्ये एखादी चिप बनायची बंद झाली की सुट्या भागांसाठी वणवण.

असं असूनही काही ठिकाणी मी डोळे मिटून डिजिटलच घ्या म्हणेन. इमारत भाड्याची असेल तर. जवळपास ऑर्गन दुरुस्त करणारा नसेल तर. छत बुटकं असेल तरीही: आठ फुटी स्टॉपचा सगळ्यात खालचा उघडा पाइपच सुमारे २.४ मीटर उंच, बत्तीस फुटीचा जवळपास १० मीटर. आणि तापमान! हवा तापली की बहुतेक पाइपांचा सूर दर अंश सेल्सियसला अर्धस्वराच्या साधारण तीन शतांश चढतो. जिभेचे पाइप, म्हणजे ज्यांत धातूची पातळ पट्टी थरथरून सूर देते ते, मात्र जवळपास तिथेच राहतात, म्हणजे ऑर्गन स्वतःशीच बेसूर. फक्त रविवारी हीटर भडकवणाऱ्या इमारतीत लाकूडही तडकतं. डिजिटलला याचं काही सोयरसुतक नसतं.

जुना पाइप ऑर्गन स्वस्तात मिळतोय म्हणून हुरळू नका. उतरवणं, वाहतूक, नव्या खोलीसाठी पुन्हा सूर घडवणं यातच पैसा जातो. पट्टी आणि झडप यांच्यात काड्यांऐवजी विजेची जोडणी असेल तर वादकाची बैठक हवी तिथे नेता येते, ही खरी सोय आहे. मात्र आत चामड्याचे छोटे भाते असतील तर काही दशकांनी ते बदलायचा खर्च आत्ताच धरा.

माझं मत पहिल्या कोटेशनकडे झुकतं, आठ स्टॉप नीट निवडलेले असतील तर. सही करण्याआधी कार्यशाळेला नवा नको, तीसेक वर्षांपूर्वी बांधलेला ऑर्गन दाखवायला सांगा. तिथे मागचं दार उघडून घ्या आणि दुरुस्तीसाठी झडपांपर्यंत हात पोहोचतो का, ते स्वतः हात घालून बघा.