पेसरी रिंग, आठ महिने वापरून : रिंगला चार स्टार, दुकानाला एक (तोही नाइलाजाने)

मिक्सरचा रिव्ह्यू लिहिला, मटकीला मोड आणायच्या डब्याचा लिहिला, पण हा लिहायला दोन महिने लागले कारण वस्तूच अशी आहे की तिचं नाव मैत्रिणीजवळसुद्धा दबक्या आवाजात काढावं लागतं. पेसरी. म्हणजे अंग बाहेर येतं ना, गर्भपिशवी खाली सरकते, ती वर धरून ठेवायला आत बसवायची सिलिकॉनची रिंग. फेब्रुवारीत बसवली, आता ऑक्टोबर चालू आहे, त्यामुळे बोलायचा हक्क आहे मला.

आधी माझं सांगते म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येईल. वय 57, कोथरूडला पोळीभाजी केंद्र चालवते, एकोणीस वर्षं झाली, दिवसाचे सात-आठ तास उभ्याने जातात आणि पिठाचं पोतं, कणकेची परात, भाजीचं पातेलं हे सगळं मदतनीस बाई आल्या नाहीत की मीच उचलते. दोन बाळंतपणं, थोरला सव्वाचार किलोचा, चिमटा लावून काढलेला. पाळी पन्नाशीला गेली. त्यात दर थंडीत महिनाभर खोकला आणि पोट साफ न होण्याची जुनी तक्रार. डॉक्टरांनी हे सगळं लिहून घेतलं आणि हसून म्हणाल्या, अहो काकू, तुम्ही एकही कारण सोडलेलं नाहीत.

सुरुवात कशी झाली तर संध्याकाळी खाली जड जड वाटायचं, मांड्यांच्या मध्ये काहीतरी अडकलंय असं, आडवं पडलं की बरं. मग एक दिवस अंघोळीला बसले आणि हाताला लिंबाएवढं गुळगुळीत काहीतरी लागलं. मला वाटलं गाठ, संपलं आता. दोन रात्री रडून काढल्या आणि ह्यांना सांगितलं डोकं दुखतंय. तर ज्या कुणी आत्ता त्या दोन रात्रींत असाल त्यांना सांगते, अंग बाहेर येणं म्हणजे कॅन्सर नाही, पिशवी खाली सरकली तर तिचा कॅन्सर होतो असंही नाही. पण पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्त दिसलं तर मात्र ते या खात्यात टाकायचं नाही, त्याची वेगळी तपासणी, आणि लगेच.

माझ्या आजीला हे होतं म्हणे. कापडाची घडी करून लंगोटासारखी बांधायची आणि जात्यावर बसायची, हे आईला कळलं ते आजी गेल्यावर तिला शेवटची अंघोळ घालताना. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या होत्या, 1989 साली ते लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापून आलं, त्यात 92 टक्के बायकांना बायकांच्या आजारांपैकी काही ना काही निघालं आणि त्याआधी कधी तपासून घेतलेल्या फक्त 8 टक्के. आपण पुण्यात बसून च्च च्च करतो. पण मी, जिच्या दारातून निघालं की मेट्रोने दहा मिनिटांत डेक्कन, मी पण दीड वर्ष गप्पच बसले होते की.

मग गेले एकदाची. पहिल्या डॉक्टरांचं नाव लिहीत नाही. चार मिनिटांत सांगितलं, पिशवी काढून टाका, आता तिचं काय काम आहे, आणि रिसेप्शनवरच्या मुलीने पुढच्या गुरुवारची तारीख लिहूनही टाकली. घरी येताना रिक्षात विचार करत होते की खुंटी ढिली झाली म्हणून कुणी पिशवी टाकून देतं का. आणि नंतर कळलं की बोलणं अगदीच वेडगळ नव्हतं, कारण ढिले होतात ते पिशवीला धरून ठेवणारे लिगामेंट आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. नुसती पिशवी काढली आणि आधार नीट बांधला नाही तर मागे राहिलेला योनीमार्गाचा वरचा भाग कालांतराने खाली येऊ शकतो. लघवीची पिशवी पुढून उतरते, गुदाशय मागून पुढे दाबतो, हे वेगळंच. ऑपरेशन वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये हं, माझ्या विहीणबाईंचं पूर्ण बाहेर आलं होतं, त्यांचं काढून आणि दुरुस्ती करून झालं, सहा आठवडे काही उचलायचं नाही, आता मजेत आहेत. पिशवी न काढता वर बांधूनही घेता येते, त्याच्या एका पद्धतीला आपल्या मुंबईच्या डॉ. शिरोडकरांचं नाव आहे. माझी तक्रार एवढीच की चार मिनिटांत एकच रस्ता दाखवला, बाकीचे आहेत हे सांगितलंच नाही.

आता दुकान. शहाणपणा माझाच. नेटवर पेसरी हा शब्द सापडला आणि मी डॉक्टरला न विचारता पेठेतल्या एका सर्जिकल वस्तूंच्या दुकानात गेले. शनिवारची गर्दी. काउंटरवरच्या पोराने विचारलं साइज? मी म्हटलं मला काय माहीत. तर आतल्या माणसाला एवढ्या जोरात ओरडून विचारलं की वॉकर घ्यायला आलेले एक आजोबा वळून माझ्याकडे बघायला लागले. आतून आवाज आला, मीडियम दे. मीडियम! टी-शर्ट आहे का तो? प्लास्टिकची पिवळट कडक रिंग, दोनशे वीस रुपये, बिल मागितलं तर कशाला लागतंय. घरी कशीबशी घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संडासात जोर केला तेव्हा टपकन खाली. परत घेतली नाही हे सांगायला नकोच आणि त्यांनी घेऊही नये म्हणा.

मैत्रिणींनो, बांगडी भरायला कासाराकडे गेलं की तो आधी हात दाबून बघतो का नाही, अंगठ्याचं हाड चाचपतो, मग सांगतो. हे तसंच आहे. लहान झाली तर पडते, मोठी झाली तर लघवी अडते, टोचते, आत जखम होते. मापाशिवाय घेऊ नका, ऑनलाइन तर मुळीच नको, तिथे खाली कितीही स्टार दिसले तरी.

दुसऱ्या डॉक्टर मला धाकट्या नणंदेने सांगितल्या. त्यांनी आडवं तपासलं, उभं करून खोकायला लावून तपासलं, म्हणाल्या दुसरी स्टेज, म्हणजे पिशवीचं तोंड योनीच्या दारापाशी येऊन थांबलंय. बोटांनी माप घेतलं आणि तीन रिंगा पाण्यात टाकून ठेवल्या होत्या त्यातली 65 लावली, ती खोकल्यावर सरकली, मग 70. ही बसली. पण लगेच घरी नाही सोडलं. पॅसेजमध्ये चालायला लावलं, एक मजला चढून उतरा, उकिडवं बसा, खोका, आणि लघवी करून दाखवल्याशिवाय जायचं नाही. एक तास गेला. बरोबर बसल्याची खूण काय तर काहीच जाणवत नाही. मी तिसऱ्या दिवशी परातीत दहा किलो कणीक मळून झाल्यावर एकदम आठवलं की अरे, आज खाली काही ओढलंच नाही. दीड वर्षात पहिल्यांदा. रडू आलं मला, मदतनीस बाईंना वाटलं कांदा.

रिंग सिलिकॉनची, मऊ, मध्ये भोकं असलेला पडदा आहे, मला साडेअठराशेला पडली. साध्या पडदा नसलेल्या रिंगही असतात, आणि जास्त खाली आलेल्यांना दांडीवाली किंवा गोल फुगीर, ते डॉक्टर ठरवतील. घालायची पद्धत: हात धुवायचे, एक पाय स्टुलावर, रिंग मध्ये दुमडायची करंजीसारखी, टोकाला जेल लावून आत सरकवायची, आत गेली की आपोआप उघडते. काढायला तर्जनी आत घालून कड पकडायची, किंचित तिरकी करून ओढायची. पहिल्यांदा पंचवीस मिनिटं लागली आणि मी घामाघूम, आता मोबाईलवर दूध उतू जायचा टायमर लावते त्याच्या आत होतं. मी आठवड्यातून एकदा रात्री काढते, साध्या साबणाने धुते, सकाळी घालते. ज्यांना स्वतः काढता येत नाही त्यांनी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला जाऊन काढून तपासून घ्यायची, मला सुरुवातीला तीन महिन्यांनी बोलावलं, आता सहा महिन्यांची तारीख आहे. तारीख विसरायची नाही कारण रिंग वर्षानुवर्षं आत राहिली तर मांसात रुतू शकते, मग काढायला भूलही द्यावी लागते. फोनमध्ये रिमाइंडर टाका आणि घरात एका तरी माणसाला माहीत असू दे.

आमच्याकडे माहीत कसं झालं ते ऐका. बेसिनच्या खिडकीत वाळत ठेवली होती. हे ती हातात घेऊन स्वयंपाकघरात आले, अगं कुकरची रिंग इथे काय करतीये, ही तर आपल्या पाच लिटरला बसत पण नाही. सून हसून हसून खाली बसली. तेव्हा मग सांगूनच टाकलं सगळं. ते दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले उद्यापासून पोतं मी उचलतो. चौतीस वर्षांत कुकर सोडून कशाची रिंग घेतली नाही म्हणा त्यांनी. आणि हो, नवरा-बायकोच्या संबंधांचं विचारायला लाजू नका, मी विचारलं, माझ्यासारखी रिंग ठेवूनही चालतं, नको वाटलं तर त्या रात्री काढून ठेवायची.

एक स्टार का कापला तर पहिल्या दोन महिन्यांत पांढरं पाणी बरंच जायचं, पॅड लावावं लागायचं. थोडं जातंच म्हणाल्या, पण वास आला, हिरवट झालं किंवा रक्ताचा डाग दिसला की काढून दाखवायला यायचं. मला एकदा गुलाबी डाग दिसला, घासून थोडं सोललं गेलं होतं, दोन आठवडे रिंग बंद आणि आठवड्यातून दोनदा लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, पाळी गेल्यावर आतली त्वचा पातळ होते म्हणून. ज्यांना स्तनाचा कॅन्सर झालेला आहे त्यांनी हे क्रीम विचारल्याशिवाय लावू नका. दुसरं म्हणजे रिंग लावल्यावर शिंकताना लघवीचे थेंब यायला लागले, आधी पिशवी खाली येऊन वाट दाबून धरत होती ती मोकळी झाली ना. हे कुणी आधी सांगितलं असतं तर एवढी घाबरले नसते.

त्याच्यासाठीच फिजिओकडे पाठवलं, आणि खरं तर पाच स्टार तिथल्या मुलीला. मी कीगल, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम, करायचे तीन महिन्यांपासून, व्हिडिओ बघून. तिने तपासलं आणि म्हणाली काकू तुम्ही उलटं करताय, श्वास रोखून खाली ढकलताय. म्हणजे तीन महिने मी रोज व्यायाम म्हणून पिशवी अजून खाली लोटत होते! बरोबर कसं, तर चारचौघांत वारा सुटायला आला की आपण जसं आवळून वर ओढतो तसं, कुल्ले आणि मांड्या ढिल्या, श्वास चालू. आधी चारच सेकंद जमायचं, आता दहा. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि चार महिने तरी केल्याशिवाय फरक मागू नका म्हणाली. लघवी मध्येच अडवून रोज प्रॅक्टिस करायची नाही. खोकला-शिंक येणार किंवा काही उचलायचंय असं वाटलं की आधी आवळायचं, उचलताना श्वास सोडायचा. मी वनाजहून मेट्रोत बसले की प्रत्येक स्टेशनला एकदा धरते, नळ स्टॉपपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. माझं कपालभाती बंद केलं तिने, पोटाला आवळून बांधायचा पट्टा पण, कारण तो वरून दाबतो आणि दाब खालीच जातो. रात्री इसबगोल चालू केलं, कमोडवर बसताना पायाखाली छोटं स्टूल, आणि जोर अजिबात नाही. सेशनचे आठशे, मी सहा केले. स्नायूंना ताकद आली, शिंकेचे थेंब जवळजवळ थांबले, पण पिशवी काही आपल्या जागी परत गेली नाही, तशी जाईल असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका. ज्यांचं अगदी थोडं उतरलंय आणि त्रास नाही त्यांना नुसता व्यायाम आणि लक्ष ठेवणं एवढ्यावरही भागतं.

ऑपरेशन पुढे लागेल का, लागेलही. डॉक्टर म्हणाल्या रिंग ठीक चाललीये तोवर चालवा, कंटाळा आला की या, बोलू. मी त्यांना विचारलं ही आयडिया कुणाची, तर म्हणाल्या फार जुनी आहे, ग्रीक लोक अर्धं कापलेलं डाळिंब आत बसवायचे. मी आपली साडेअठराशेवर खूश आहे.

घेणाऱ्यांसाठी: डब्यावर मापाचा आकडा मिलीमीटरमध्ये लिहिलेला असतो, तो फोनमध्ये फोटो काढून ठेवा, माझ्या डब्यावरचा पुसला गेला आणि परत मापाला जावं लागलं. आणि वाळत घालताना कुकरच्या जवळपास नको.