विस्कॉन्सिनच्या सरकारी जंगलात पॉप-अप ब्लाइंड: एका हंगामाचा अनुभव

सप्टेंबरच्या मध्यात धनुष्यबाणाचा हंगाम सुरू झाला तेव्हापासून डिसेंबरपर्यंत हा ब्लाइंड, म्हणजे शिकाऱ्याने लपून बसायचा घडीचा तंबू, पाठीवर घेऊन फिरलो. पाच हबचा (काड्या एकत्र येतात तो सांधा म्हणजे हब), दोघं बसतील एवढा, खिडक्यांना जाळी. इथली काही मराठी मंडळी हरणांच्या या शिकारीकडे वळू लागलीत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नियम बघा, खरेदी त्यावरच ठरते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात डीएनआरच्या (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या) जमिनीवर असा ब्लाइंड रात्रभर ठेवता येत नाही. शिकारीची वेळ संपली की त्याच दिवशी काढून न्यायचा. तिथल्याच मेलेल्या फांद्यापाल्याचा आडोसा असेल तर गोष्ट वेगळी. खासगी शेतावर लोक ब्लाइंड आधीच उभा करून ठेवतात, हरणं त्याला सरावतात. आपला मात्र त्यांच्या लेखी रोज नवाच. म्हणून ऐसपैस जागेपेक्षा हलकं वजन आणि अंधारात गुपचूप उघडणं मला जास्त मोलाचं वाटतं.

इथेच हा ब्लाइंड कमी पडतो. भिंत बाहेर ओढली की काड्या ताठ होताना ‘टक्’ वाजतं. तळवा काडीवर दाबून धरला तर आवाज बराच दबतो. दाराची चेन मात्र काही केल्या करकरतेच. खिडक्या हुकाच्या आहेत, त्या उत्तम.

जागा निवडताना पाठीशी पडलेलं झाड किंवा सीडरची दाट झुडपं असावीत आणि वारा हरणांच्या वाटेकडून आपल्या तोंडावर यावा. वाळक्या फांद्या भिंतींना टेकवा, जिवंत फांदी तोडू नका. बुडाशी कापड नाही, त्यामुळे पायाखालचा पाचोळा सारून माती उघडी करा. आतलं अस्तर काळं आहे. मागच्या खिडक्या बंद आणि अंगात काळा शर्ट असला की हालचाल बाहेर दिसत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी एक मादी पाडसासह अगदी जवळ आली. ब्लाइंडकडे रोखून बघत तिने पुढचा पाय आपटला, मान खाली केली, झटकन वर घेतली, पुन्हा खाली. मी पापणीही हलवली नाही. वारा बरोबर होता, ती परत ओकची फळं वेचू लागली.

खिडकीच्या जाळीतून बाण सोडायचा तर बाणाच्या टोकाचं पातं स्थिर, न उघडणारं हवं. उघडणारं पातं जाळीला लागून मधेच उघडू शकतं.

थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी बंदुकीचा 9 दिवसांचा हंगाम सुरू होतो. तेव्हा ब्लाइंडवर किमान 144 चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड सगळ्या बाजूंनी दिसायलाच हवं. कंपनीने ते दिलेलं नाही. मी शिवून लावलं. अंगातला कोटही त्या दिवसांत नारिंगीच. दाराजवळ नाव-पत्ता किंवा डीएनआरचा ग्राहक क्रमांक लावून ठेवा.

डिसेंबरच्या गारठ्यात छताची एक फायबरग्लासची काडी हबजवळ चिरली. पिशवीही फार घट्ट. बोटं बधिर असताना ब्लाइंड आत कोंबणं म्हणजे छळ आहे. ओला गुंडाळला तर कुबट वास धरतो, घरी आल्यावर गॅरेजमध्ये उघडून वाळवावा लागतो.

पुढच्या हंगामासाठी याच मापाचा, पण चेन नसलेल्या दाराचा शोधतोय.