साडेसातीवर शनीचा जप : देवगडातून, काही महिने करून बघितल्यावर

माझी रास मेष. २९ मार्च २०२५ ला शनी कुंभेतून मीनेत गेला आणि त्या दिवशी मकरवाले सुटले, मेषवाले अडकले. चंद्रराशीच्या बाराव्या, पहिल्या आणि दुसऱ्या स्थानी शनी असताना प्रत्येकी अडीच वर्षं, असा साडेसातीचा हिशेब. आम्हा मेषवाल्यांचा आत्ता बारावा चालू आहे, म्हणजे व्ययस्थान, खर्चाचं घर. हापूसची कलमं सांभाळणाऱ्या माणसाला व्ययस्थान समजावून सांगायला ज्योतिषी लागत नाही. फवारणीचं बिल पुरतं.

तरी पत्रिका दाखवली. घरातल्यांचा आग्रह होता आणि मलाही झोप लागत नव्हती, दोन्ही खरं. आमच्या भटजींनी फार घाबरवलं नाही. शनिवारी मारुतीला तेल आणि रुईची माळ, जमेल तसं काळे उडीद-तिळाचं दान, आणि रोज शनीचा जप. नीलम घालू का विचारलं तर म्हणाले, "एवढे पैसे असतील तर कुंपण घाला." याच माणसाचा सल्ला मानायचा हे तिथेच ठरलं. त्याआधी एका ऑनलाइन ज्योतिषाने फोनवर जप, हवन, सिद्ध केलेलं यंत्र आणि घोड्याच्या नालेची अंगठी असं सगळं मिळून जे पॅकेज सांगितलं होतं, त्यात माझं वर्षाचं खत आलं असतं. तुमच्या नावाने दुसरेच कोणी जप करणार आणि तुम्हाला व्हिडिओ पाठवणार. तो प्रकार मी घेतला नाही, त्यामुळे त्याबद्दल मला विचारू नका.

आता प्रत्यक्ष वापर. शनीसाठी तीन मंत्र सांगतात. वैदिक मंत्र 'शं नो देवीरभिष्टये' हा मुळात ऋग्वेदातल्या पाण्याच्या सूक्तातला आहे आणि तो स्वरांसकट शिकल्याशिवाय म्हणू नये असं भटजींचं मत. शिवाय आंबा झाडावर असताना पाण्याला हाक मारायची माझी हिंमत नव्हती. दुसरा बीजमंत्र, 'ॐ प्रां प्रीं प्रौं सः शनैश्चराय नमः'. तिसरा नवग्रहस्तोत्रातला, लहानपणी संध्याकाळी परवचा म्हणताना सगळ्यांनी घोकलेला, 'नीलांजनसमाभासं रविपुत्रं यमाग्रजम् । छायामार्तण्डसंभूतं तं नमामि शनैश्चरम्'. मी बीजमंत्राने सुरुवात केली, कारण तो लहान आहे आणि आकडा मोठा होता.

आकड्याचं असं आहे. प्रत्येक ग्रहाची जपसंख्या पंचांगात छापलेली असते. चंद्राची ११,०००, राहूची १८,०००, आणि शनीची सगळ्यांत जास्त, २३,०००. त्यावर कलियुगात चौपट करावा असं सांगणारे भेटतातच, म्हणजे ९२,०००. माळेत मणी १०८, पण चुकीचे आठ सोडून माळ शंभराचीच धरायची पद्धत आहे. म्हणजे साध्या संख्येला २३० माळा, चौपटीला ९२०. बीजमंत्राची एक माळ घाई न करता आठ-दहा मिनिटांत होते. रोज तीन माळा धरल्या तर साधी संख्या अडीच महिन्यांत संपते, चौपट करायला दहा महिने लागतात. हे गणित सुरू करण्याआधी कागदावर मांडा. अनेकजण उत्साहाने चौपट बोलून बसतात आणि भातलावणीत अडकल्यावर सोडून देतात.

माळ रुद्राक्षाची घेतली. अंगठा आणि मधलं बोट, तर्जनी लावायची नाही, मेरूमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मणी, ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. आठवड्यात हाताला सवय होते. आमच्याकडच्या खाऱ्या दमट हवेत सुती दोरा पावसाळ्यात कुजतो, तेव्हा गाठी मारून ओवलेली माळ घ्या. तुटली तरी मणी ओटीभर पळत नाहीत. बोटात घालायचा बटणवाला काउंटरही पुतण्याने आणून दिला. तो वापरू नये असं माझं स्पष्ट मत. बटण दाबलं की नजर आकड्यावर जाते, आणि मग तोंडाने शनी आणि डोक्यात 'अजून किती राहिले' एवढंच चालतं. माळेला आकडा दिसत नाही हाच तिचा मोठा गुण.

मोठ्याने म्हणायचा तो वाचिक, ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू येत नाही तो उपांशु, आणि मनातल्या मनात तो मानस. मनुस्मृतीत उपांशु शंभरपट आणि मानस हजारपट श्रेष्ठ म्हटला आहे. माझ्यासारख्याला मात्र मानस जप झेपत नाही. तिसऱ्या मण्याला मन वाशीच्या मार्केटात पोचतं, दराची चौकशी करून येतं. उपांशु सगळ्यांत बरा. वेळ संध्याकाळी दिवेलागणीनंतरची, तोंड पश्चिमेला, कारण शनीची दिशा ती. सुतकात माळ बाजूला ठेवली. गणपतीच्या दिवसांत चाकरमान्यांनी घर भरलं की कोपरा मिळत नाही, तेव्हा भजनालाच जप समजा.

आता फळ मिळालं का, या प्रश्नाकडे येतो. जप सुरू केल्यावर महिन्याभरात गेल्या वर्षीचा तो मे उजाडला. देवगडातल्या कोणालाही विचारा. २५ मे ला मान्सून इथे टेकला, दुसऱ्या दिवशी मुंबईत. त्याआधीचे काही दिवसही पाऊस होताच. शेवटची तोडणी, कॅनिंगला जाणारा माल, सगळं भिजलं, फळाला डाग पडले, गड्यांना बसून मजुरी द्यावी लागली. साडेसाती लागून दोन महिने, जप चालू, आणि हे.

जपाची शिफारस करणाऱ्यांचं यावर उत्तर तयार होतं. एक म्हणाला, जप होता म्हणून एवढ्यावर निभावलं. दुसरा म्हणाला, संख्या पुरी झाली नव्हती. तिसऱ्याने तर मीन ही जलराशी आहे, शनी तिथे गेला म्हणून पाऊस लवकर, असं शास्त्रच मांडलं. मार्चमध्ये मात्र हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्या कुंपणापलीकडच्या बागेचा मालक वृषभेचा. त्याला शनी अकरावा, म्हणजे लाभस्थानी, याहून चांगला शनी नाही. त्याचा माझ्यापेक्षा जास्त माल गेला. आई ओटीवरून म्हणाली, "तुझ्या साडेसातीन पावस इलो, तर मगे त्येचो आंबो कित्याक भिजलो?" मी भटजींनाही हेच विचारलं. ते हसले आणि चहा मागितला.

ज्यांना हे आईचं बोलणं फार घरगुती वाटेल त्यांच्यासाठी, २००८ मध्ये जयंत नारळीकरांनी पुण्यात घेतलेली चाचणी आहे. अंधश्रद्धा निर्मूलनवाले नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडेही त्यात होते. दोनशे पत्रिका, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते सांगायला सांगितलं. सत्तावीस जणांची उत्तरं आली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवून पन्नासच्या आसपास येतात. निदानच असं असेल तर त्या निदानावरचं औषध लागू पडलं की नाही, हे मी काय सांगणार? ग्रहपीडा किती कमी झाली या रकान्यात मी काहीच लिहीत नाही. तिथे कोणताही अनुभव बसवता येतो, हीच त्याची अडचण.

ज्याचा हिशेब लागतो ते सांगतो. झोप सुधारली. हे पावसाआधीच लक्षात आलं होतं आणि पावसानंतरही टिकलं, म्हणून मला त्याचं महत्त्व वाटतं. पूर्वी अंथरुणात पडलं की कर्जाचे हप्ते डोळ्यांसमोर रांगेने उभे राहायचे. जप संपवून उठल्यावर जेवण आणि मग झोप असा क्रम लागल्यापासून ती रांग बरीच मागे हटली. बायकोच्या मते चिडचिडही कमी झाली, पण तिने 'थोडीशी' हा शब्द घालायला सांगितलं आहे.

पावसाळ्यात बीजमंत्र सोडून मी नीलांजनवर आलो. तो सावकाश म्हटला तर एका श्वासात एक श्लोक बसतो, साधारण दहा सेकंद. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. पुढे वाचनात आलं की ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी हेच मोजलं होतं. तेवीस निरोगी माणसांकडून त्यांनी ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणून घेतली आणि बौद्धांचा 'ॐ मणि पद्मे'वाला मंत्रही. दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या जवळ आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीरातली यंत्रणा जास्त तत्पर झाली. अभ्यास छोटा आहे, त्यावर मोठी इमारत बांधू नका. मी रक्तदाबाची गोळी थांबवलेली नाही आणि तुम्हीही थांबवू नका. पण बीजमंत्र भरभर उडवताना मला जे मिळत नव्हतं ते श्लोकात का मिळालं, ते यातून थोडं कळलं. नवीन माणसाला मी श्लोकच सुचवीन, संख्या गेली खड्ड्यात.

त्रास काय झाला तेही सांगायला हवं. जप चालू असला की साडेसाती रोज आठवते. पंपाची मोटर जळली, शनी. गाय आटली, शनी. १३ जुलैला शनी वक्री झाला, म्हणजे आकाशात उलटा सरकताना दिसू लागला, तेव्हा मोबाइलवर एवढे इशारे आले की नोव्हेंबर संपेपर्यंत घराबाहेर पडू नये असं वाटावं. हे व्हिडिओ एकदा बघितले की तसलेच समोर येत राहतात, आणि शेवटी प्रत्येकाकडे काहीतरी विकायला असतं. मी ते सगळं बंद केलं. १०८ वेळा लावून ठेवलेला ऑडिओही बंद केला. स्पीकर जप करतो आणि आपण चहा पितो, यात जप कोणाच्या खात्यात जायचा?

एक गोष्ट मात्र उगाच करून बघितली आणि ती कोणत्याही उपायात सांगत नाहीत. गेल्या सप्टेंबरात सर्वपित्री अमावस्येच्या सुमाराला शनी सूर्याच्या बरोबर समोर होता, रात्रभर आकाशात. ढग फाटले तेव्हा खळ्यात जाऊन बघितला. पिवळट, न लुकलुकणारा, चांगला ठळक. तीस वर्षांच्या आसपास एक फेरी पुरी करणारा हा गृहस्थ देवगडच्या एका बागायतदाराच्या मागे हात धुऊन लागला असेल, हे मला त्याच्याकडे बघताना अजिबात खरं वाटेना. आत जाऊन त्याचीच एक माळ केली. यात विसंगती आहे हे मला समजतं.

साधी संख्या पुरी झाली आहे. चौपट करणार नाही. आता रोज एक माळ नीलांजनची, शनिवारी मारुती, एवढंच. खर्च म्हणाल तर माळ, तेल, रुईची पानं बांधावरची. भटजींनी दक्षिणा मागितली नाही, मी आंब्याच्या दोन पेट्या दिल्या, त्याही पावसाआधीच्या.

राहिलं दशांश हवन. नियमाने जपाच्या दहाव्या भागाएवढ्या आहुती, म्हणजे २,३००, आणि शनीला समिधा शमीच्या. शमी हे कोरड्या मुलखातलं झाड, आमच्या लाल मातीत ते शोधत फिरावं लागतं. परवा भटजींनी आठवण केली. म्हटलं, यंदाचा मोहोर कसा धरतो ते बघू आणि मग ठरवू. त्यांना पटलं. त्यांचीही कलमं आहेत.