'7.1' छापलेली यूएसबी साउंड कार्डाची डबी: लिनक्सवर आणि कोकणच्या हवेत

लॅपटॉपचा आतला आवाज गेला की बाहेरून लावायची अंगठ्याएवढी काळी डबी, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला हेडफोनचा हिरवा आणि माइकचा गुलाबी जॅक, वर ठळक '7.1 चॅनल'. किंमत दोनशे-तीनशेच्या घरात. ते 7.1 विसरा. आवाज बाहेर पडतो तो दोनच चॅनलांतून, आणि माइकची बाजू तर मोनो, म्हणजे एकच चॅनल.

तरी लिनक्सवाल्यांनी हिला नाक मुरडू नये. आत बहुधा सी-मीडियाची चिप असते आणि ती यूएसबी ऑडिओचा ठरलेला शिरस्ता पाळते. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधीपासून असलेला यूएसबी ऑडिओ ड्रायव्हरच तिला पुरतो. सोबत छोटी सीडी आली तर ती बाजूला ठेवा. लिनक्सच्या मिंट 22 किंवा डेबियन 12 या आवृत्त्यांवर डबी टोचली की दोन-चार सेकंदांत साउंड सेटिंगमध्ये नाव येते. आले नाही तर टर्मिनलवर 'एलएसयूएसबी' (lsusb) चालवा, जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी येते. त्या यादीतही ती नसेल तर पोर्ट बदलून बघा. तरीही नसेल तर डबीच बाद, दुकानात परत करा.

पण पैसे घालण्याआधी लॅपटॉपचा आतला साउंड खरंच गेलाय का, ते बघा. सेटिंगमध्ये 'डमी आउटपुट' एवढंच दिसत असेल तर सिस्टिमला कार्ड सापडलेलंच नाही. इंटेलच्या अलीकडच्या लॅपटॉपवर याचं नेहमीचं कारण म्हणजे 'सॉफ' फर्मवेअर, म्हणजे साउंडच्या चिपला चालवणारी फाइल, नसणं. डेबियनवर त्याचं पॅकेज नॉन-फ्री-फर्मवेअर विभागात आहे. ते टाकून मशीन पूर्ण बंद करून चालू करा. टर्मिनलवर 'डीमेसेज' (dmesg) चालवून कर्नलच्या नोंदींत सॉफच्या ओळी वाचल्या की नक्की काय अडलं ते कळतं.

कार्ड दिसतं पण आवाज नाही, तेव्हा टर्मिनलवर 'अल्सामिक्सर' (alsamixer) हा आवाजाच्या पट्ट्यांचा प्रोग्राम उघडा. एफ6 दाबून कार्ड निवडा, कारण पुष्कळदा समोर एचडीएमआयचं कार्ड आलेलं असतं. पट्टीखाली 'एमएम' दिसलं तर ती म्यूट आहे. एम दाबला की 'ओओ' होतं.

किनाऱ्यालगत आणखी एक भानगड दिसते. खाऱ्या हवेने हेडफोन जॅकमधली पत्ती गंजते, लॅपटॉपला वाटतं हेडफोन लावलेलाच आहे, आणि स्पीकर गप्प. ड्रायव्हर पुन्हा टाकून, सगळी सिस्टिम नव्याने भरूनही हे जात नाही, आणि बिचाऱ्या लिनक्सला नावं ठेवली जातात. अल्सामिक्सरमध्ये 'ऑटो-म्यूट मोड' डिसेबल्ड करा, मग 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' या प्रोग्राममध्ये आउटपुटचं पोर्ट 'स्पीकर' निवडा. एवढ्यावर आवाज आला तर डबीचे पैसे वाचले.

जॅक पारच सडला असेल तर मात्र डबी घ्याच. ऐकण्यासाठी ती उत्तम: 48 किलोहर्ट्झ, 16 बिट, ऑनलाइन तासाला आणि गाण्यांना भरपूर. एक खोड आहे. आवाज थांबला की वायरप्लंबर, म्हणजे लिनक्सवर साउंड कार्डं सांभाळणारा प्रोग्राम, पाचेक सेकंदांनी कार्ड झोपवतो, म्हणून पुढच्या आवाजाचं पहिलं अक्षर गिळलं जातं किंवा 'टक्' होतं. वायरप्लंबरच्या सेटिंगमध्ये सस्पेंड टाइमआउट शून्य केला की हे थांबतं.

रेकॉर्डिंगला हिच्याकडून फार अपेक्षा नको. डबलबारीचं भजन मिक्सरमधून थेट गुलाबी जॅकमध्ये घातलं तर पखवाजाच्या प्रत्येक थापेला आवाज फाटतो, कारण लाइनची पातळी माइकच्या तोंडाला झेपत नाही. मिक्सरचा आउटपुट अगदी खाली आणा, किंवा मध्ये अटेन्युएटरची, म्हणजे पातळी उतरवणारी, केबल लावा. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये ट्रॅक मोनोच ठेवा. अल्सामिक्सरमध्ये या डबीचं कार्ड निवडून 'ऑटो गेन कंट्रोल' आठवणीने बंद करा. नाहीतर बुवा श्वास घ्यायला थांबले की मागचा पंखा आणि रातकिडे वर येतात. प्लेबॅक बाजूची माइकची पट्टी म्यूट करा, ती चालू राहिली तर माइकचा आवाज तसाच स्पीकरवर जातो आणि शिट्टी घुमते. मोबाइलचा, एकाच पिनेत माइकही असलेला हेडफोन लावायचा तर माइक आणि हेडफोन वेगळे करणारा स्प्लिटर हवा.

'घूंऽऽ' असा सतत आवाज आला तर ड्रायव्हर धुंडाळत बसू नका. चार्जर काढा. घूं बंद झाली तर दोष चार्जरचा किंवा घराच्या अर्थिंगचा. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घाला. रेकॉर्डिंगपुरतं लॅपटॉप बॅटरीवर चालवणं सगळ्यात सोपं.

टिकण्याच्या बाबतीत मात्र गुण कापावे लागतात. जॅकचा मुलामा पातळ असतो, पावसाळा काढला की आत हिरवट थर धरतो आणि एक कान गायब होतो. प्लग जरा फिरवल्यावर आवाज परत आला तर समजा हाच दोष. आयसोप्रोपिल अल्कोहोल प्लगला लावून पाच-सहा वेळा आत-बाहेर करा, दहा मिनिटं सुकू द्या. वापर नसताना डबी सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दोन एकदम घेतल्या तर दुसरीचं पाकीट गणपतीपर्यंत फोडू नका.